सगळ्यात हलका

"मावशी, यातला सगळ्यात हलका स्टोव्ह कुठला?" परेशने विचारलं. जयवंतीने फळीवरचा एक उचलला आणि सवयीने उलटा केला. बुडाला खिळ्याने ओढलेली फुली होती.

ती फुली तिनेच मारली होती.

गोखिवऱ्याच्या त्या गाळ्यात ट्रेकिंगचं सामान तयार व्हायचं आणि पुढच्या अंगाला काढलेल्या दुकानात विकलंही जायचं. जयवंती मागे तपासणीला बसायची. स्टोव्हमध्ये हवा भरायची, साबणाच्या पाण्यात बुडवायचा, बुडबुडे आले की बुडावर फुली मारून लाल क्रेटमध्ये टाकायचा. चार वर्षं ती हेच करत होती. लाल क्रेट पुढे कुठे जातो हे तिने कधी विचारलं नव्हतं. भंगारात जात असेल, असं धरून चालली होती. आज दुकानातली प्रीतल आली नाही, म्हणून दिनानाथशेठनी तिला पहिल्यांदाच काउंटरला उभं केलं होतं.

परेश बोळिंजहून आला होता, सोबत त्याची आठ वर्षांची क्षितिजा. बापलेक पहिल्यांदाच डोंगरावर मुक्कामाला निघाले होते. फोनवरची यादी बघत त्याने तंबू घेतला, स्लीपिंग बॅगा घेतल्या, हेडलॅम्प घेतला. तो क्षितिजाने तिथेच कपाळावर चढवला आणि भर दुपारी दुकानभर उजेड पाडत फिरू लागली. आग पेटवायला काय न्यावं, यावर परेश अडला तेव्हा जयवंतीने धीर करून सांगितलं होतं, "ही घासायची सळी घ्या, ठिनगी पडते. आनि कापूर ठेवा, पिशवीत गुंडाळून. लाकडं ओली असली तरी कापूर धरतो."

"बघा, हे व्हिडिओवाले सांगतच नाहीत," तो म्हणाला होता. तिलाही बरं वाटलं होतं.

आता तिने हातातला स्टोव्ह मागे ठेवला. दुसरा उलटा केला. फुली. तिसरा. फुली. चांगला माल कालच कामणच्या गोदामात रवाना झाला होता.

"हे नका घेऊ," ती म्हणाली.

"का?"

गल्ल्यावरून शेठनी मान वर केली.

"जड होईल तुम्हाला."

"जड? अहो, पाव किलोसुद्धा नाही हा!"

"बाबा, आपण तंबूतच नूडल्स करायचे ना?" क्षितिजाने मधेच विचारलं.

"हो गं. बाहेर वारा असतो."

जयवंतीने शेठकडे पाहिलं. ते नुसते बघत होते. नवऱ्याची कंबर गेल्यापासून घरची चूल तिच्या एकटीच्या पगारावर पेटत होती. काउंटरची काच दोन्ही हातांनी धरून ती म्हणाली, "गळतो हा. मी सोता पान्यात बुडवून बघितलाय. ही फुली माझी हाय, सगळ्यांवर हाय. तंबूत तर पेटवूच नका."

क्षितिजाने वळून तिच्याकडे पाहिलं, तसा हेडलॅम्पचा झोत थेट तिच्या डोळ्यांत गेला.

शेठ सावकाश उठून आले. आवाज चढला नाही. "साहेब, ही मागे साबण-पाणी करते. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी घाबरते. वॉशर जरा घट्ट बसवला की झालं. शेकड्यांनी विकलेत, एक तक्रार नाही."

परेशने स्टोव्ह उचलला, कानाशी नेऊन हलवला, उलटसुलट करून पाहिला. जयवंती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता हा खाली ठेवील, पोरीचा हात धरील आणि निघून जाईल. मग शेठना काय बोलायचं ते बोलोत. तेवढी तिने मनाची तयारी केली होती.

"म्हणजे पीस डिफेक्टिव्ह आहे," परेश म्हणाला. "मग भाव कमी करा की."

शेठ हसले. "तुमच्यासाठी दोनशे कमी."

"अडीचशे."

"चला, घ्या."

"दादा, अवो ऐका..." जयवंतीने हात पुढे केला.

"मावशी, वॉशर घट्ट करतो ना मी. तुम्ही नका काळजी करू."

पावती फाडताना शेठ तिच्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाले, "कार्ड काढून ठेव. उद्यापासून येऊ नको."

गळ्यातलं कार्ड काढताना दोरी तिच्या अंबाड्यात अडकली. सोडवायला वेळ लागला. तोवर परेशने पिशव्या उचलल्या होत्या. स्टोव्हचं खोकं क्षितिजाने हट्टाने स्वतःकडे घेतलं होतं. दारात पोचल्यावर तो थांबला, मागे वळला. माणूस भला होता.

"थँक यू हां, मावशी," तो म्हणाला. "तुम्ही बोललात म्हणून. नाहीतर पूर्ण पैसे गेले असते."