अव्वल तारली

सरकारी निरीक्षक झरवालीसाहेबांनी आणखी एक डबा फोडला आणि कारखान्याच्या मालकाच्या, हाजी बूशाईबच्या पुढ्यात सरकवला. आत तेलात तारलीचा नुसता चुरा होता, पोटं फुटलेली, मांस गळालेलं. डब्यावर मात्र सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'अव्वल'.

हाजीच्या तोंडचं पाणी पळालं. साफीच्या बंदरावर रोज पहाटे तो स्वतः मासळी घ्यायला जायचा, तारलीचं पोट अंगठ्याने दाबून बघितल्याशिवाय टोपली उचलू द्यायचा नाही. बापाने उभारलेल्या कारखान्याचं नाव त्याने जिवापाड जपलं होतं.

"हा कुणाचा तरी डाव आहे, साहेब."

"मासा तुमचा, डबा तुमचा, त्यावरची अक्षरंही तुमचीच," निरीक्षक म्हणाले. दर्जा खोटा छापून गिऱ्हाइकाला फसवलं, तर सरकार टाळं ठोकतं, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं.

लल्ला तामू पुढे झाली. डबे भरणाऱ्या बायकांची ती मुकादमीण. हाजी देवमाणूस आहे, दर रमजानला आम्हाला घरी न्यायला डबे देतो, असं ती कळवळून सांगू लागली. खोटं नव्हतं ते. कारखान्याची रीतच होती, तुटका, नरम माल वेगळा काढून 'साधा' छापलेल्या डब्यांत भरायचा. थोडा बायकांना वाटायचा, उरलेला गावातल्या दुकानांना. अव्वल माल परदेशी जायचा. एकदा खुशीत येऊन हाजीने बायकांना अव्वल डबे देऊ केले, तर तामूच छातीवर हात ठेवून म्हणाली होती, "नको हाजी, आम्हाला आपला साधाच बरा." इतकी समाधानी माणसं आपल्या पदरी आहेत, या विचाराने त्याला तेव्हा भरून आलं होतं.

साहेबांची नजर कोपऱ्यातल्या साध्या डब्यांच्या थप्पीकडे वळली.

"त्यात काय बघायचंय?" तामू म्हणाली. "तो आम्हा गरिबांचा माल. त्यावर कुठे काय मोठं लिहिलंय?"

साहेबांना पटलं. अव्वल मालाच्या गोदामाला सील ठोकून ते निघून गेले. बायका डोळे पुसत घरी गेल्या. तामू दारात जराशी घुटमळली, मग तीही निघाली.

हाजी डबे भरायच्या टेबलापाशी एकटाच बसून राहिला. आता बंदरावर तोंड कसं दाखवायचं, ते त्याला कळेना. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. शेवटी पावाचा तुकडा पुढे ओढून त्याने थप्पीतला एक साधा डबा घेतला. स्वतःच्या कारखान्यातला साधा डबा त्याने जन्मात कधी चाखला नव्हता.

झाकण उघडलं. आत अख्ख्या तारल्या एकीला एक लागून झोपल्या होत्या, चकचकीत. सवयीने त्याने एकीचं पोट अंगठ्याने दाबून पाहिलं. ते घट्ट होतं.