रोज दाराशी

"हा बघा, इथे वाकला," म्हणत सेक्रेटरींनी टीव्हीवरचं चित्र थांबवलं.

इमारतीतून आठवड्यात दोन सायकली गेल्या होत्या, म्हणून रविवारी दुपारी सगळे खालच्या हॉलमध्ये जमले होते. पडद्यावर तिसरा मजला. डोक्यावर जॅकेटची टोपी ओढलेला, पाठीला सॅक लावलेला एक तरुण तिथल्या आजोबांच्या बंद दारापुढे वाकला होता.

"कुलूप बघतोय मेला," चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "हल्लीची पोरं! काम ना धंदा."

"तोंड झाकलंय, यातच काय ते आलं," मागून कुणीतरी म्हणालं.

शेवटच्या खुर्चीत नर्सबाई बसल्या होत्या. वॉर्डातली ड्यूटी संपवून थेट आलेल्या. पाय सुजले होते, डोळे मिटत होते. त्यांनी मान वर केली. ती पाठ त्यांनी हजारांत ओळखली असती.

"माझा मुलगा आहे तो," त्या म्हणाल्या. "पुढे चालू द्या ना."

सेक्रेटरींनी बटण दाबलं. मुलाने जमिनीवर पडलेला पेपर उचलला, दाराच्या कडीत खोचला आणि तो जिना चढून गेला.

"अहो, आधी नाही का सांगायचं! तुमचा म्हटल्यावर प्रश्नच मिटला," सेक्रेटरी हसले.

"आजोबांना वाकवत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून रोज खोचून ठेवतो."

पुढच्या रांगेत बसलेल्या आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनी बाईंकडे पाहिलंच नाही, सेक्रेटरींना विचारलं, "म्हणजे हा रोज माझ्या दाराशी येतो?"

बाईंकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण अंगात त्राण नव्हतं. त्या उठल्या.

घरी मुलगा कामावर निघायला बूट घालत होता.

"ती टोपी घालत जाऊ नकोस रे," बाई भिंतीला टेकत म्हणाल्या. "आणि आजोबांच्या पेपरला हात लावू नकोस."



"मागच्या आठवड्यात टोपीशिवाय गेलो होतो, आई," लेस आवळत तो म्हणाला. "हा भाजलेला चेहरा दिसला की लोक जास्त घाबरतात."

बाहेर मीटिंग संपून मंडळी जिना चढत होती. दाराला कान लावून तो उभा राहिला. शेवटचं पाऊल वाजायचं थांबलं, तेव्हा बाहेर पडला.