दोन तासांनंतरची साखर

‘सदर रुग्णेच्या साखर-सहनशीलता चाचणीत दोन तासांनंतरचे मूल्य वस्तुस्थितीपेक्षा कमी आले, याचे एकमेव कारण यंत्रातील आकस्मिक बिघाड हे होय. कोणाही कर्मचाऱ्याकडून कसूर झाल्याचे आढळत नाही.’

वाक्य निर्दोष होते. निदान व्याकरणाच्या दृष्टीने. रुग्णालयाच्या अधीक्षकांनी ते दोनदा वाचून दाखवले. बिघाड हा मोठा सोयीचा आरोपी असतो. त्याला आईबाप नसतात, वकील नसतो, आणि फाशी दिली तरी तो हूं की चूं करत नाही.

“करा सही, बाई,” अधीक्षक म्हणाले.

बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या मुख्य तंत्रज्ञ. मिनिटाचीही हयगय खपवून घेत नसल्याने सारे रुग्णालय त्यांना घड्याळबाई म्हणे. त्यांनी कागद एका बोटाने परत सरकवला.

“यंत्राने काहीही केलेलं नाही, साहेब.”

प्रकरण तसे चार ओळींचे होते. शाळेत चित्रकला शिकवणारी एक मुलगी, सातवा महिना. उपाशीपोटी आली, ग्लुकोजचे पाणी प्यायली. दोन तासांनी रक्तातली साखर भरली शहाण्णव, म्हणजे निर्धोक. अडीच महिन्यांनी साडेचार किलोचे बाळ जन्मले, आईची साखर वाढलेली असली की होते तशी जन्मताच त्याची साखर घसरली, आणि ते चार दिवस काचेच्या पेटीत राहिले. बाळ वाचले. मुलीच्या आईने मात्र एका ओळीचा अर्ज दिला: ‘माझ्या लेकीची साखर तुम्हाला दिसली कशी नाही?’

एका ओळीच्या प्रश्नाला अधीक्षकांच्या चौकशी समितीने अकरा पानी उत्तर तयार केले होते. बाई ते पानापानाने सोलू लागल्या.

“त्या सकाळी साडेसातला मी ठरलेल्या साखरेचा नमुना यंत्रात लावला. शंभर यायला हवे, एकशे एक आले. दुपारी पुन्हा लावला, बरोबर शंभर. मग हा तुमचा बिघाड मधल्या वेळेत आला आणि चहा पिऊन गेला का?”

कोपऱ्यातल्या लेखनिकाला खोकला आला. तो बराच वेळ हसऱ्या तोंडाने खोकला.

“नळ्यांची अदलाबदल?” अधीक्षकांनी सुचवले.

“त्या दिवशी ही चाचणी तिची एकटीचीच होती. अदलाबदल कोणाशी करणार? माझ्याशी?”

“रक्त पडून राहिलं असेल. पडून राहिलं की साखर उतरते म्हणतात.”

“उतरते. म्हणून तर राखाडी टोपणाची नळी वापरतात, तिच्यात साखर राखणारं औषध असतं. आणि वेळ म्हणाल, तर पहिला घोट आठ पाचला, सुई दहा पाचला. वही समोर आहे. आमचं यंत्र म्हातारं असेल, साहेब, लबाड नाही.”

हे बोलताना त्यांची मान ताठ होती. स्वतः वाढवलेल्या लेकराविषयी बोलावे तशा बाई त्या खोक्याविषयी बोलत होत्या.

अधीक्षकांनी चष्मा काढला. “अहो, पण तुम्हाला अडचण काय आहे? यंत्र भंगारात जाईल. त्याचे तीन महिन्यांचे दोनशे अकरा रिपोर्ट रद्द होतील. चाचणी इथे बंद, बाहेर सुरू. माणूस मात्र एकही अडकत नाही!”

“दोनशे अकरा माणसांना पुन्हा उपाशी बोलावणार? आकडे बरोबर असताना? आणि चालत येणाऱ्या पोटुशी बायांना गावाच्या दुसऱ्या टोकाला धाडणार?”

“बाई, महिनाअखेरीस तुमचा निरोप समारंभ आहे. एकतीस वर्षं! एक चाचणी वाया नाही, एका गरोदर बाईला तुमच्यापुढे उलटी नाही. ते मळमळवणारं पाणी लोक तुमच्या धाकाने पचवतात, असं मी भाषणात घातलंय. स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेता?”

“प्रयोगशाळेचं नाव त्या धोंड्याखाली जातंय म्हणून.”

या बाईंपुढे आपले काही चालायचे नाही, हे अधीक्षकांच्या ध्यानात आले. पण बुडत्याला काडी सापडते, तशी समितीला रुग्णा सापडते.

“बरं. यंत्र नाही, नळी नाही, वेळ नाही. मग उरली कोण? ती पोरगी! तिनेच अर्धा ग्लास कुंडीत ओतला असणार. लिहा हो: ‘रुग्णेने द्रावण पूर्णपणे प्राशन केले नसावे.’”

लेखनिकाची लेखणी चालू लागली.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “तिला विचारलंत?”

“तिला कशाला विचारायचं?”

“ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. माझ्या डोळ्यांदेखत. ग्लास उलटा करून दाखवला, लहान मुलं दाखवतात तसा.”

“मग बाई, ती साखर गेली कुठे?”

अकरा पानांत प्रथमच कोणी नेमका प्रश्न विचारला होता. बाईंनी पदर सारखा केला, आणि एकतीस वर्षे रुग्णांना बसवले तशा स्वतः खुर्चीत ताठ बसल्या.

“माझा जबाब लिहून घ्या. शब्द बदलू नका.”

लेखनिकाने लिहून घेतला तो असा:

“ग्लास रिकामा झाल्यावर दहाव्या मिनिटाला तिला उलटी झाली. अशा वेळी चाचणी तिथेच सोडून पेशंटला दुसऱ्या दिवशी बोलवायचं असतं. नव्या माणसांना हे मीच शिकवते. ती म्हणाली, ‘बाई, सगळं पडलं हो, चालेल का?’ मी म्हटलं, ‘काही होत नाही, पोरी, गप बस.’ वहीत ‘उलटी नाही’ हे अक्षर माझं आहे. बेसिनही मीच धुतलं.”