पिठातला पंजा

पाटी उचलायचा मान रामहरी आबांचा. भावकीत आता तेच वडीलधारे. त्यांनी वरचा वरवंटा बाजूला ठेवला, पाटीला हात घातला आणि उगाच खाकरले. दाराशी दाटलेल्या बायका टाचा उंचावून बघू लागल्या.

तात्याबांचा जीव जिथं गेला, त्या फरशीवर काल संध्याकाळी ज्वारीचं पीठ चाळून पसरलं होतं. त्यावर बांबूची पाटी पालथी, पाटीवर वरवंटा, शेजारी दिवा. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला, त्याचं पाऊल दहाव्याच्या सकाळी पिठात उमटतं, असं कऱ्हाटीत सगळे मानतात. तात्याबांचा थोरला रघुनाथ मानत नाही. तो बारामतीला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. पीठ मात्र त्यानंच चाळलं होतं, कारण आईनं सांगितलं होतं.

त्याची आई, बनाबाई, दहा दिवस एकच विचारत होत्या. ताट पुढं आलं की विचारायच्या, कुणी भेटायला आलं की विचारायच्या, "कुटं गेलं असतील वो?" कुणाचंच उत्तर त्यांना पटलं नव्हतं, आणि ताटातलं अर्धं तसंच परत जात होतं. रघुनाथला आत्ता एकाच गोष्टीची भीती होती. पीठ कोरं निघालं तर आईला काय सांगायचं? पहाटे एकदा त्याच्या मनात आलंही होतं, की पाटी जराशी उचलून आपलंच बोट टेकवावं. पण नुसत्या बोटाचा कुठला जन्म धरतात, हे त्याला माहीत नव्हतं.

आबांनी पाटी उचलली.

पिठात एक पाऊल होतं. एकच. चार बोटं आणि खाली गादी, शिक्का मारावा तसं. यायची खूण नाही, जायची नाही.

"अगं बया," धाकटी सून सोनम म्हणाली, "मामंजी मांजराच्या जन्माला गेलं!"

रघुनाथला पंजा कुणाचा ते तत्काळ कळलं. घरात एक काळी मांजर होती आणि तात्याबांनी चार वर्षं तिच्याशी लढा दिला होता. दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, तर ती झाकण सरकवून साय खायची आणि झाकण परत ठेवायची. फ्रीज आणला, तर आठवड्यात तो उघडायला शिकली. आणि लावायलाही. तात्याबांना स्मार्टफोन उघडायला तीन महिने लागले होते.

"आबा, हे आपल्या मांजरीचं पाऊल हाय," रघुनाथ म्हणाला.

"मग आमी काय वाघाचं म्हनतोय का?"

"तसं न्हाय. ती रात्री आत शिरली असंल."

"कशी शिरली? दाराला कडी तुमीच लावली. वरवंटा जागच्या जागी. सांगा की मास्तर."

रघुनाथ सांगायला म्हणून वाकला आणि पाटी फिरवून बघू लागला. काठापासून चार बोटांवर एक कामटी बाजूला सरकवून पंजा जाईल एवढी फट केली होती. मोडली नव्हती, सरकवली होती. खिडकी त्यानं रात्री नुसती लोटली होती. आताही ती लोटलेलीच होती. फक्त गजाला पीठ लागलेलं.

म्हणजे वरवंटा आपल्याला झेपणार नाही हे तिनं ओळखलं. कामटी सरकवली, हात घातला, खाली साय नाही याची एकदाच खात्री करून घेतली आणि जाताना खिडकी लोटून गेली. पंचवीस वर्षं प्रॅक्टिकल घेताना इतकं नेटकं काम रघुनाथनं एकाही विद्यार्थ्याकडून पाहिलं नव्हतं. हे सगळं सांगायला त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात बनाबाई पुढं सरकून पिठापाशी बसल्या.

"लांब न्हाई गेलं," त्या म्हणाल्या. "घरातच ऱ्हायलं. मला आपलं वाटायचं, कुटल्या मुलखात जाऊन पडलं असतील, कोन वळखीचं तरी आसंल का." मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "चार वर्सं काठी घिऊन हिच्या मागं पळलं. आता कळंल म्हनावं, साय का खावीशी वाटती ती."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पर ही मांजर तर चार वर्सांची," सोनमला शंका आली. "आन् मामंजी धा दिसामागं..."

"वयाचा दाखला हितं नगं मागू," आबा म्हणाले.

बनाबाईंनी मान वर केली. "रघू, तू शिकलेला हायस. खरं हाय का रं हे?"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. रघुनाथनं पाटी खाली ठेवली, फट भिंतीकडं करून.

"पाऊल खरं हाय, आई," तो म्हणाला. "मी नीट बघितलं."

बनाबाईंनी सोनमला चहा टाकायला सांगितला आणि म्हणाल्या, "मलाबी घाल गं कपभर. बिस्कीट आसंल तर दी."

रघुनाथ बाहेर ओट्यावर येऊन बसला. हाताला काही चाळा हवा म्हणून त्यानं तळव्यावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि मळायला लागला. तात्याबांच्या देखत त्यानं ती कधी मळली नव्हती.

तेव्हा गोठ्याकडून मांजर आली. पुढचा उजवा पाय मनगटापर्यंत पांढरा. दारातल्या बायका दोन्ही बाजूंना सरल्या. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सोनमनं तो घाईनं खाली ठेवला आणि डोक्यावर पदर ओढला. मांजरीनं कुणाकडं पाहिलं नाही. ती सावकाश ओटा चढली, रघुनाथसमोर थांबली आणि त्याच्या तळहाताकडं बघत राहिली.

कामटी, गज, खिडकी, सगळं रघुनाथला माहीत होतं. तरी पन्नाशी उलटलेल्या त्या माणसानं मूठ मिटली आणि हळूच पाठीमागं नेली.