दीड लाखाची किणकिण

किण्! पुन्हा तेच.

भीमाशंकरने सुई उचलली, चष्मा कपाळावर सारला आणि कार्ट्रिज निरखून पाहिलं. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचा हा ठोकळा पुण्याच्या एका कारागिराने शिसवी लाकडात हाताने घडवलेला. नखाएवढा जीव, किंमत दीड लाख! हौशी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार-चार, पाच-पाच लाखांच्या कार्ट्रिजच्या गप्पा चालत. तिथे दीड लाख म्हणजे चक्क काटकसर. पण मांजरसुंब्यात हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्याने हे बायकोला कसं पटवावं?

शिवकांताने एकच अट घातली होती. जुन्या सुईवर कधी ऐकू आलं नाही असं काहीतरी नव्या सुईवर ऐकू आलं पाहिजे. नाहीतर आठवड्याच्या आत माल परत. आज आठवडा संपत होता.

म्हणून त्याने घरात सगळ्यांना पाठ असलेली रेकॉर्ड लावली होती. नारायणगडाच्या जत्रेची गाणी. कोरसमध्ये त्याची आई सुभद्राबाई होती. म्हणजे ती तसं सांगायची. कव्हरवर तिचं नाव नव्हतं, इतक्या बायांमध्ये तिचा आवाज आजवर कुणाला सापडला नव्हता, त्यामुळे घरात तिची थट्टा ठरलेली. म्हातारी हसण्यावारी न्यायची, पण तिला ते लागायचं.

गाणं पुन्हा सुरू झालं. नव्या सुईवर एकेक आवाज सुटा झाला होता. भीमाशंकर कान टवकारून आईला शोधत होता. आई काही सापडेना, आणि मधूनच ती मेली किणकिण.

"आलं की नवीन ऐकू," शिवकांता हसू दाबत म्हणाली. "दीड लाखाचा बिघाड. द्या धाडून परत."

भीमाशंकरचं तोंड एवढंसं झालं. त्याने कार्ट्रिज सोडवायला स्क्रूड्रायव्हर उचलला.

"हात लावू नको!" पलंगावर आडवी झालेली सुभद्राबाई ताडकन उठून बसली होती. "आनखी एक डाव लाव."

त्याने लावलं. किण्! म्हातारीने तोंडाला पदर लावला. ती हसते आहे की रडते आहे, कुणाला कळेना.

"माय, काय झालं गं?"

"रेकॉर्डिंगवाला म्हनला व्हता, समद्यांनी बांगड्या काढून ठिवा. बाकीच्यांनी काढल्या. मी नवी नवरी, हिरवा चुडा कसा उतरवावा? हात पदराखाली घेतले अन् लई मागं जाऊन बसले. गायले कमी, बांगड्याच धरून व्हते."

शिवकांताने पुढे होऊन नवऱ्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"तरी वाजल्याच मेल्या," सुभद्राबाई म्हणाली. "ती मी हाय."