मरियामातेच्या पायाखाली

"ते झाकण कुठंय ते तुम्हाला ठाऊक आहे. मुद्दाम सांगत नाही तुम्ही!" ट्रेसी सासूवर ओरडली.

"मला काय ठाऊक?" दियोलिंडा म्हातारी अंगणात खुर्ची टाकून बसली होती, ती हललीसुद्धा नाही. "तुझ्या सासऱ्याला ठाऊक होतं. जा वर, विचारून ये."

सकाळपासून हेच चाललं होतं. घराचं गटार तुंबलेलं, जे खाली जायचं ते वर येत होतं. म्हातारी राहायची तळघरात. तिथल्या न्हाणीतून काळं पाणी उसळून तिच्या चुलीपर्यंत पोचलं होतं. वास असा, की तीन गल्ल्या पलीकडचा मासळीवाला नाक धरून तक्रार करायला आला म्हणे.

प्लंबर डेनिस लोखंडी सळईनं अंगण टोचत फिरत होता. घरातून रस्त्याकडं जाणाऱ्या नळाला कुठंतरी वर तोंड असतं, त्यावर झाकण. ते सापडलं की आत तार घालायची, झालं काम. नाही सापडलं तर तळघराची जमीन फोडायची. आणि या घराचं झाकण तर जणू जमिनीनं गिळलेलं.

म्हातारीला पक्कं ठाऊक होतं. तिच्या नवऱ्यानं, मानुएलनं, जुना बाथटब अर्धा जमिनीत उभा गाडून त्याच्या कोनाड्यात मरियामाता बसवली होती, अमेरिकेतल्या या फॉल रिव्हर गावात अर्ध्या घरांपुढं असते तशी. ती नेमकी त्या झाकणावर. सपाट जागा तेवढीच म्हणून. "आता कुणाची छाती आहे इथं खणायची!" म्हणाला होता. देवाच्या आईखाली गटार, हे त्यानं पाद्रीबाबालाही सांगितलं नाही. ते आज या सुनेला सांगायचं? त्यापेक्षा जमीन फुटली तरी चालेल.

"फोड बाबा माझी जमीन," ती डेनिसला म्हणाली. "मला कुठं तिथं नाचायचंय."

"आणि मग येऊन राहणार माझ्या डोक्यावर, माझ्या स्वयंपाकघरात!" ट्रेसी म्हणाली. "तो तुमचा खारा मासा माझ्या फ्रीजमध्ये!"

"बरंच की. तुझ्या जेवणाला निदान कसला तरी वास येईल."

डेनिस फाटकाजवळच्या गुलाबाकडं वळला.

"तिकडं नको!" अर्मांडो एकदम म्हणाला. म्हातारीचा हा एकुलता एक लेक. सकाळपासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. "तिकडं मी बघितलंय. काही नाही."

"कधी बघितलंस?" म्हातारीनं विचारलं.

अर्मांडो स्वतःच्या बुटांकडं बघायला लागला. तोवर डेनिसनं सळई खुपसलीच. टक्.

वीतभर माती निघाली आणि आतून पाय वर आले. प्लास्टिकचे, चपला घातलेले. डेनिसनं ओढून काढला तो मरियामातेचा नवरा, संत जोसेफ. डोकं खाली, तोंड घराकडं.

डेनिसनं टोपी काढली. आयरिश कॅथलिक होता, त्याला याचा अर्थ सांगायला नको. म्हातारीला तर नकोच नको. घर विकायचं असलं की इकडं जोसेफबाबाला असं उलटं पुरतात. गिऱ्हाईक आणलंस तर वर काढू, नाहीतर राहा तसाच.

म्हातारी खुर्चीतून उठली. घर तिनं नाताळातच लेकाच्या नावावर केलं होतं. "मरेपर्यंत तू इथंच, आई," असं तो म्हणाला होता.

"माझं घर विकायला काढलंस, सटवे?" ती ट्रेसीच्या अंगावर गेली. "आणि मला कुठं फेकणार होतीस?"

ट्रेसीनं त्या बाहुल्याकडं बघितलं, मग सासूकडं. "मी बाप्टिस्ट आहे. आमच्यात मूर्ती घरातच येत नाही, ती पुरणार कुठून? हा कोण तेही मला माहीत नाही. आणि घर कोण विकतंय?"

सगळे अर्मांडोकडं वळले.

"नुसतं बघत होतो," तो म्हणाला. "गिऱ्हाईक येतं का ते."

"मला न सांगता?"

दोघी एकदम म्हणाल्या. लग्न होऊन ट्रेसी या घरात आल्यापासून दोघींचं एकमत झालेलं ते पहिलंच.

म्हातारीनं एप्रनच्या टोकानं जोसेफबाबाचं तोंड पुसलं. मग मरियामातेकडं बघितलं. घर विकलं की नाहीतरी ती परक्याच्याच हाती जाणार होती.

"झाकण तिच्या पायाखाली आहे," ती म्हणाली. "अर्मांडो, पहार घे."

टब उकरून बाजूला करताना अर्मांडोला दरदरून घाम फुटला. खाली पितळी झाकण दिसलं. डेनिस पाना घेऊन वाकला.

"तू कशाला?" म्हातारी म्हणाली. "घराचा मालक उघडेल."

डेनिसनं पाना खुशीनं देऊन टाकला आणि चांगला लांब जाऊन उभा राहिला. घर टेकाडावर, अंगण पार खाली उतारावर. सगळी घाण त्या झाकणामागं दाटलेली. "बाजूला उभा राहा, हळूहळू सोड," तो सांगत होता. पण अर्मांडोला मान वर करायची सोय नव्हती. त्यानं होता नव्हता तो सगळा जोर लावला.

पुढचं काय सांगावं! विजेच्या तारेवरचं कबूतर भिजलं म्हणतात. अर्मांडोचे तर डोळे कुठं नि नाक कुठं तेही कळेना.

"ट्रेसी, ती कुंडी दे."

ट्रेसीनं कुंडीतलं फुलझाड उपटून फेकलं आणि कुंडी आणून दिली. म्हातारीनं जोसेफबाबाला डोकं खाली करून कमरेपर्यंत मातीत खुपसलं. मग कुंडी निथळत्या लेकाच्या पुढ्यात ठेवली आणि नीट त्याच्याकडं तोंड करून वळवली.

"बघू," ती म्हणाली, "याला कुणी गिऱ्हाईक मिळतंय का."