राखीव मुली

मॅडम कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल कोच झाल्या आणि पहिल्याच सामन्यात समोरच्या कॉलेजच्या सरांनी त्यांचा पार धुव्वा उडवला. सामना केव्हाच खिशात आला होता, तरी सरांनी आपल्या हुकमी पाच जणी काही कोर्टवरून काढल्या नाहीत. "सर, आता तरी राखीव मुली उतरवा, माझ्या पोरी रडतायत हो," मॅडम म्हणाल्या, तर सर खो खो हसले. "बाई, हा सामना आहे, भातुकली नाही. झेपत नसेल तर घरी बसा."

मॅडम घरी बसल्या नाहीत, डूख धरून बसल्या. केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, डूख तसाच राहिला.

आज निवृत्तीआधीचा शेवटचा सामना, आणि समोर तेच सर. मध्यंतरालाच त्यांना गुणफलकाकडे बघवेना. घाम पुसत ते मॅडमजवळ आले. "बाई, हरलो मी. आता तरी राखीव मुली उतरवा."

"अहो सर, सुरुवातीपासून त्याच तर खेळतायत," मॅडम गोड हसल्या आणि बाकावर ताज्यातवान्या बसलेल्या आपल्या हुकमी पाच जणींकडे वळल्या.



"उठा गं पोरींनो! सरांना बदल हवाय."